मिटणारी खूण

तान्ह्या मुलाचे पहिले झबले घरातील वडील माणसाच्या जुन्या, मऊ धोतराचे करावे, अशी आमच्याकडील चाल. थोरल्याच्या वेळी सासूबाईंनी पेटी उघडून कैलासवासी मामंजींचे धोतर माझ्या हाती दिले. तेवढे एकच उरले होते. शिवणाचा मला कोण अभिमान! खडूची रेघ जाड येते, म्हणून मी यजमानांची कॉपिंग पेन्सिल घेतली आणि गळा, खांदे, बाह्या सुबक रेखून काढल्या. झबले पाण्यात पडले मात्र, त्या रेघांचा जांभळा रंग सर्वत्र पसरला. लिंबू झाले, ऊन झाले, डाग जाईना. सासूबाई एका शब्दाने बोलल्या नाहीत. तो अबोलाच मला अधिक लागला.

आमचे बिऱ्हाड तेव्हा डहाणूस होते. पुढे गंजाडला एका वारली घरच्या लग्नास आम्ही दोघी गेलो. भिंतीवरची वारली रेघ शेणाने सारवलेल्या कापडावर आणि कागदावर नेऊन २०११ साली पद्मश्री मिळविणारे जिव्या सोमा म्हसे (१९३४–२०१८) यांचे हेच गाव. सवाशिणी गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठीने चौक लिहीत होत्या. मी टक लावून पाहत असता सासूबाई हळूच म्हणाल्या, "अगं, ही रेघ राहण्यासाठी काढलेली आहे. शिवणातली जाण्यासाठी काढायची असते. तुझी उमटली छान. पण ती जाणार कशी, हे तू पाहिले नाहीस."

तेव्हापासून मी आधी खुणेच्या जाण्याचा विचार करते. गडद सुती कापडास झिजून पातळ झालेली साबणाची वडी उत्तम. पांढऱ्यास नखाने घातलेली घडी पुरते. रेशमावर मेणाचा खडू नको. इस्त्रीखाली मेण वितळून तेलकट डाग राहतो. तेथे बारीक सुईने घातलेला कच्चा टाकाच बरा. इस्त्रीच्या उष्णतेने रेघ नाहीशी होणारी लेखणी हल्ली मिळते. परंतु कडाक्याच्या थंडीत ती रेघ पुन्हा उमटू शकते. साधन कोणतेही असो, त्याच कापडाच्या चिंधीवर आधी खूण करावी, धुऊन पाहावी, मगच बेतावयास बसावे.

परवा नातवासाठी सासूबाईंच्या गडद निळ्या लुगड्याचे झबले बेतले, साबणाच्या वडीने. धुतल्यावर एकही रेघ उरली नाही. ते वाळलेले झबले ठेवावयास पेटी उघडली, तो तळाशी जांभळ्या डागांचे जुने झबले नीट घडी घालून ठेवलेले सापडले. घडी सासूबाईंच्या हातची होती.