नदी एका दप्तरात, विहीर दुसऱ्यात

आम्हा भूजलवाल्यांना नकाशावरची जिल्ह्याची रेघ कायम खुपते. पाणी तिला जुमानत नाही, कारभार मात्र तिच्याच हुकमाने चालतो. म्हणून पाण्याप्रमाणे हद्दी आखल्याचे कुणी कौतुकाने सांगितले की मी आधी विचारतो, त्या हद्दीत कर कोण गोळा करतो?

हा प्रश्न नेब्रास्काचा अभ्यास करताना सुचला. अमेरिकेच्या मधोमध असलेल्या या मक्याच्या राज्यात मृदसंधारणाचे मंडळ वेगळे, पाणलोटाचे वेगळे, अशी मंडळांची दाटी झाली होती. 1969 मध्ये विधिमंडळाने ती मोडीत काढणारा कायदा केला. (तिथे सभागृह एकच, वरच्या सभागृहात विधेयक कुजवायची सोयच नाही.) 1972 च्या जुलैपासून 154 मंडळांच्या जागी नदीखोऱ्यांप्रमाणे आखलेले 24 ‘नॅचरल रिसोर्सेस डिस्ट्रिक्ट’ आले. 1989 मध्ये त्यांतले दोन एक झाले, आता 23 आहेत. आपली खुर्ची कोण सुखाने सोडतो? विरोध झालाच.

नव्या जिल्ह्यांच्या कामांत धूप, पूर, निचरा आणि भूजल एकत्र आले. जमीन चिबडू नये म्हणून चर खणणारा आणि विहीर आटू नये म्हणून धडपडणारा, दोघेही एकाच पाणीपातळीला हात घालत असतात. त्यांचा हिशेब दोन ठिकाणी ठेवण्यात अर्थ नाही. पण खरी ताकद वेगळी होती. संचालक मतदानाने निवडलेले, आणि मालमत्ता कर बसवण्याचा अधिकार त्यांचा स्वतःचा: सर्वसाधारण कामांसाठी 100 डॉलर मूल्यामागे कमाल 4.5 सेंट. 1975 च्या कायद्याने भूजल नियंत्रणाचे अधिकारही मिळाले. नैर्ऋत्येच्या अप्पर रिपब्लिकन जिल्ह्याने त्याच दशकात सिंचन विहिरींना मीटर बसवायला लावले, उपशाचे वाटप ठरवले. हे शेतकऱ्यांनी शेतकऱ्यांवर लादले, म्हणून मला ते अधिक मोलाचे वाटते.

मात्र एक भोक राहिले. विहिरी या जिल्ह्यांकडे आल्या, नदीतल्या पाण्याचे हक्क राज्याच्या खात्याकडेच राहिले. जमिनीखालून नदीला मिळणारे पाणी विहिरींनी वाटेतच उचलले, की नदी खालच्या अंगाला रोडावते. रिपब्लिकन नदीचे तेच झाले. 1943 च्या आंतरराज्य कराराने खालच्या अंगाच्या कॅन्सस राज्याचा वाटा ठरलेला होता. 1998 मध्ये कॅन्ससने सर्वोच्च न्यायालय गाठले, आणि पुढच्या तडजोडीत विहिरींच्या उपशाने घटलेला प्रवाहही हिशेबात धरला गेला. दोन्ही दप्तरांनी मिळून आराखडे करायचे, हे नेब्रास्काने 2004 च्या कायद्याने ठरवले. तोवर उशीर झाला होता: करार मोडल्याबद्दल 2015 मध्ये न्यायालयाने 55 लाख डॉलर भरायला लावले. मंडळे जोडणे सोपे, खाती जोडणे महाग, असे त्यावरून माझे मत झाले आहे.

आपल्याकडे पाणलोटाच्या हद्दी आहेतच. महाराष्ट्राचा 2009 चा भूजल कायदा 2014 मध्ये लागू झाला. त्यात पाणलोट क्षेत्र समित्या आहेत, शेती-उद्योगासाठी 60 मीटरपेक्षा खोल विहिरीला मनाई आहे. गावोगावच्या बोअर किती फूट गेल्या आहेत, ते वाचकांनीच आठवावे. पण त्या समितीसाठी कुणी थेट मत देत नाही, आणि स्वतःच्या करावर चालणारी तिजोरी तिच्याकडे नाही.

नेब्रास्काची प्रत काढून मात्र चालणार नाही. तिथला ओगलाला जलधर आठ राज्यांखाली पसरलेला. आपल्या काळ्या पाषाणातला जलधर कधी दोन-तीन गावांतच संपतो. एवढ्या लहान तुकड्यांचे मोठे जिल्हे करण्यात काय हशील? तुकडे लहानच ठेवावेत, मात्र समितीला विहिरीमागे आकारणीचा आणि मीटर लावण्याचा अधिकार द्यावा. निवडणूक ग्रामपंचायतीबरोबरच घ्यावी. नुसत्या पाण्याच्या निवडणुकीला वेगळ्या दिवशी किती लोक येतील, याची मला शंका आहे.