विटलेला गालिचा

मराठीत ‘विटणे’ हे क्रियापद मोठे सोयीचे आहे. रंगही विटतो आणि माणूसही. फरक इतकाच, की माणसाला ते बोलून दाखवता येते. गालिचा बिचारा गप्प पडून फिका होतो.

आमचा गालिचा आजोबांनी येरवड्याच्या तुरुंगातून आणलेला. म्हणजे विकत आणलेला. पुण्यात असे खुलासे वेळीच केलेले बरे. एकोणिसाव्या शतकात तिथले कैदी विजापूरच्या असर महालातल्या जुन्या गालिच्यांवरून नक्षी उतरवून विणीत. आमच्या गालिच्यावर हिरवी पानं होती. आता ती निळी आहेत. “काय हो, हे झाड कुठलं?” असे पाहुणे हमखास विचारतात.

कारण साधे आहे. जुने रंगारी हिरव्यासाठी लोकर निळीत बुडवीत आणि पिवळ्यातही. नीळ चिवट, पिवळा नाजूक. हळदीचा डाग उन्हात उडतो, हे कुठल्याही गृहिणीला ठाऊक आहे. तसाच इथला पिवळा उडाला, नीळ उरली. पुढे 1856 साली लंडनमध्ये पर्किन नावाचा अठरा वर्षांचा पोरगा क्विनाईन करायला गेला आणि जांभळा रंग करून बसला. त्यामागून आलेल्या रासायनिक रंगांतले कित्येक तर उन्हाला याहून भित्रे निघाले.

“विटलाय कुठला? मळलाय नुसता!” इति सौभाग्यवती. तिचेही निम्मे खरे. पायांची बारीक वाळू लोकर खरवडते, राहिलेल्या साबणाला धूळ चिकटते. मग रंग असून दिसत नाही. पण धुण्याचा सोडा लावून घासलेत, तर आहे तोही जायचा. आधी ओले पांढरे फडके कोपऱ्यावर दाबून पाहावे. फडके रंगले, तर पाण्याला चार हात लांब ठेवावे.

आईने जन्मभर दुपारी पश्चिमेची खिडकी लावून घेतली आणि अंधारात तांदूळ निवडले. उजेडाने पूर्वेच्या दारातून आपले काम केलेच. परवा टीपॉय हलवला, तर खाली चौकोनभर पानं हिरवीगार! टिकलेला रंग तेवढाच, आणि तोही कुणी न पाहिलेला.

गेलेला रंग परत येत नाही. आता खिडकी उघडी असते, तिला पातळ पडदा आहे, आणि दर सहा महिन्यांनी आम्ही गालिच्याचे तोंड फिरवतो. म्हणजे एकच बाजू विटत नाही. सगळा सारखा विटतो. एकत्र कुटुंबात याहून जास्त न्याय मागू नये.