अप्पांची मॅटॅडोर

आमच्या परड्यात फणसाच्या झाडाखाली पंचवीस वर्षं एक मॅटॅडोर उभी होती. तिच्या टपावर पानं कुजायची, मागच्या दारात मांजरं व्यायची आणि पावसाळा संपला की दर वर्षी कुणीतरी भंगारवाला येऊन आईला भाव सांगून जायचा. आई त्याला चहा द्यायची आणि वाटेला लावायची. गाडी विकायचीही नाही आणि दुरुस्तही करायची नाही, असं ते चाललं होतं. आमच्या घरात त्या गाडीबद्दल एकच वाक्य बोललं जायचं : "ब्रेक फेल झाला म्हणून वाचलो, नशीब."

ही गाडी अप्पांनी १९९० साली घेतली. त्या काळात बेळगावच्या बाजारातून गोव्याला भाजी जायची ती अशाच गाड्यांतून. खानापूर, लोंढा, रामनगर, अनमोड आणि घाट उतरला की मोलें, फोंडा. रात्री दोनला कोबी, फ्लॉवर, मिरचीची पोती भरायची आणि उजाडायच्या आत पणजीच्या बाजारात टाकायची. मॅटॅडोर म्हणजे पुढच्या चाकांवर ओढणारी गाडी. मागे माल जास्त झाला की चढावर पुढची चाकं घसरायची, म्हणून अप्पा पोती रचताना क्लीनरला सारखे ओरडायचे, "पुढं सरकव, पुढं!" लग्नसराईत तीच गाडी वऱ्हाड न्यायची, चैत्रात जोतिबाला जायची, सौंदत्तीला जायची. आकुर्डीच्या बजाज टेम्पोची ही गाडी मूळ जर्मन घराण्यातली आणि आमच्या गाडीचं इंजिन मर्सिडीजच्या परवान्यावर बनलेलं, याचा अप्पांना केवढा अभिमान! पाहुणे आले की बॉनेट उघडून दाखवायचे.

१९९८ च्या डिसेंबरात अनमोड घाटात ती दरडीवर आदळली. आईला कवळ्याच्या शांतादुर्गेची ओटी भरायची होती म्हणून ती अप्पांच्या बाजूला बसली होती. मी मागे पोत्यांवर झोपलो होतो, क्लीनर माझ्याजवळ. मला आठवतो तो फक्त वास, जळक्या रबरासारखा, आणि मग कोबीच्या ढिगाखालचा अंधार. अप्पांनी दरीकडे न जाता गाडी डोंगराच्या बाजूला घातली म्हणून आम्ही जिवंत राहिलो. क्लीनरचा मात्र उजवा पाय गुडघ्यातून कायमचा गेला. तो तेव्हा अठरा वर्षांचा होता, माझ्याहून एका वर्षाने लहान.

गाडी ओढून घरी आणली. अप्पांनी तिला पुन्हा हात लावला नाही. भाजीचा धंदा सोडून ते एका वखारीत हिशेब लिहायला लागले. २०१६ साली गेले.

आता ती परड्यातून बाहेर कशी आली? माझी मुलगी कॉमर्सला आहे, तिला गाड्यांचं वेड कुठून लागलं देव जाणे. २०२३ च्या दिवाळीत तिने झाडाखालची पानं झाडली आणि जाहीर केलं, "पप्पा, ही व्हिंटेज आहे." मी तिला कायदा सांगितला. २०२१ च्या केंद्राच्या नियमांप्रमाणे व्हिंटेज म्हणवून घ्यायला पन्नास वर्षं पुरी व्हावी लागतात, तीही खासगी गाडीला. आमची जेमतेम पस्तिशीला टेकलेली, आणि तीही मालवाहू, पिवळ्या पाटीची. "मग आपण जुनी म्हणू," ती म्हणाली. माझी बायको धारवाडची. तिने दारात उभी राहून एकच अट घातली, "मोदल ब्रेक, आमेल बण्णा." पुढचे चौदा महिने हेच आमचं वेळापत्रक झालं.

मेस्त्री मिळाला तो उद्यमबागेजवळ. साठीचा माणूस, कन्नडात विचार करतो आणि मराठीत शिव्या देतो. त्याने आधी नोझल काढून चारही सिलिंडरांत डिझेल-ऑइल ओतलं आणि आठ दिवस इंजिनाला हात लावू दिला नाही. नवव्या दिवशी पुलीला पाना लावून ते हाताने हलवलं. थोडं फिरलं, अडलं, परत फिरलं. रिंगा गंजाने धरल्या होत्या, हेड उतरवावंच लागलं. पण इंजिनाचं सामान मिळायला त्रास पडला नाही, कारण याच जातीचं इंजिन पुढे ट्रॅक्समध्येही आलं. पिस्टन, रिंगा, बेअरिंग, सगळं दुकानात. अडलं ते क्षुल्लक वस्तूंवर. समोरच्या काचेचं रबर कुठेच नाही. हुबळीच्या जुन्या सामानवाल्यांकडे तीन खेपा मारल्या तेव्हा एक सापडलं. टाकीतलं जुनं डिझेल डांबरासारखं झालेलं. रेडिएटरला नवी जाळी. तळाचा पत्रा एका बाजूने चाळण झाला होता, तो कापून नवा जोडला आणि त्याच वेळी आतून जाड पट्टी वेल्ड करून सीटबेल्टला पक्का आधार केला. नुसत्या पत्र्यावर बेल्ट आवळला तर धक्क्यात बेल्टासकट पत्रा उपटून येईल, हे मेस्त्रीने मला दोनदा समजावलं.

मुलीला एलईडी दिवे हवे होते. जुन्या काचेच्या आरशासमोर तसले दिवे लावले की उजेड रस्त्यावर कमी आणि समोरच्याच्या डोळ्यांत जास्त जातो. शेवटी साधे हॅलोजनच ठेवले, मात्र रिले घालून नवीन जाड वायर ओढली. पूर्वी दिव्यांचा सगळा करंट डॅशबोर्डच्या बटणातून जायचा, त्यामुळे बटण तापायचं आणि दिवे पिवळे पडायचे. एका ओळखीच्याने सल्ला दिला की जुनं इंजिन टाका, नव्या पिकअपचं बसवा. मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम त्याला ठाऊक नसावं. नोंदणीत लिहिलेली गाडी मनाला येईल तशी बदलता येत नाही. शिवाय अप्पांचं मर्सिडीज इंजिन काढून टाकायचं म्हणजे... असो.

मग चाकं उघडली.

मेस्त्री हवेच्या पाइपने ड्रममधली धूळ उडवायला निघाला तेव्हा मी त्याला थांबवलं. त्या काळच्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं, ती धूळ छातीत जाऊ नये. ओल्या फडक्याने पुसलं. लायनर काचेसारखे चकचकीत, काळे. ब्रेकचं तेल चहाच्या गाळासारखं. ड्रम आम्ही लेथवर पाठवले, आणि दुपारी लेथवाल्याचाच फोन आला. ड्रमवर टूल धरत नाही, जागोजागी उडतंय. आम्ही गेलो. गंज निघाल्यावर आतल्या बाजूला निळसर, गोल गोल डाग दिसत होते. बिडाचं लोखंड भयंकर तापून निवलं की त्या जागा पोलादासारख्या कडक होतात, त्यांच्यावर टूल चालत नाही. चारही ड्रमना तसे डाग. मेस्त्रीने बोट फिरवलं आणि माझ्याकडे न बघताच म्हणाला, "नोड्री, इदु फेल आगिद्दल्ल. सुट्टिद्दु."

फेल झालेला नाही, जळलेला आहे. मी विचारलं, "म्हणजे?" त्याने विचारलं, "तुमचे वडील घाट न्यूट्रलमध्ये उतरायचे काय?"

उतरायचे. सगळेच उतरायचे. डिझेल वाचतं म्हणून घाटमाथ्यावर इंजिन बंद करून गाडी सोडून द्यायची, ही त्या काळी हुशारी समजली जायची. मेस्त्रीने मला तिथेच हिशेब सांगितला. गाडी गिअरमध्ये असली की इंजिन तिला मागे धरतं. न्यूट्रलमध्ये सगळा भार ब्रेकवर येतो. ड्रम तापतो, लायनर घसरायला लागतात. त्यात तेल जुनं. ब्रेकचं तेल हवेतलं पाणी ओढत राहतं. नवं डॉट-३ तेल किमान २०५ अंशांपर्यंत तग धरतं, पाणी पिलेलं १४० च्या आसपासही उकळू शकतं. उकळलं की नळीत वाफ होते, आणि वाफेवर पेडल दाबलं तर पाय तळाला जातो. वर आणखी एक गंमत म्हणजे गिअरमध्ये उतरताना ॲक्सिलरेटर सोडला की पंप इंजिनाचं डिझेल जवळजवळ तोडतोच. वाचायचं ते किती? काहीच नाही म्हटलं तरी चालेल.

त्या दिवशी मी स्कूटरवरून घरी येताना टिळकवाडीत दोनदा चुकीच्या गल्लीत शिरलो. अप्पा दर महिन्याला त्या क्लीनरला मनिऑर्डर करायचे. पहिल्या पगारापासून शेवटच्या पेन्शनपर्यंत, एकही महिना चुकवला नाही. आमच्या घरात याला अप्पांचा मोठेपणा म्हणत. मीही त्यांच्या तेराव्याला चार माणसांत तसंच बोललो होतो.

आईला सांगावं की नाही, यावर बायकोचं आणि माझं आठवडाभर चाललं. ती म्हणाली, ब्याडरी, ऐंशीच्या बाईला आता कशाला? पण गाडी रस्त्यावर येणार, आई तिच्यात बसणार, आणि पुन्हा ब्रेकलाच बोल लावणार. शेवटी एका संध्याकाळी आई शेवया वळत बसली होती तेव्हा मी सांगून टाकलं. डाग, तेल, न्यूट्रल, सगळं. ती वळतच राहिली.

"मला काय सांगूलास? इंजिनाचा आवाज बंद झाला तेव्हा मी त्यांच्या शेजारीच होते. म्हटलं सुद्धा, अहो, सुरू करा. म्हणाले, गप बस, रोजचा रस्ता हाय."

"मग इतकी वर्षं ब्रेक फेल, ब्रेक फेल..."

"ते म्हणाले म्हणून मी म्हटलं. त्या पोराकडे महिन्याला पैसे कोण पाठवायचं? ब्रेक?"

एवढं बोलून तिने मला पिठाचा डबा आत ठेवायला सांगितला.

दोन ड्रम हुबळीहून न वापरलेले मिळाले, दोन दुसऱ्या गाडीचे तपासून घेतले. बेळगावच्या फाउंड्रीत वाटेल ते ओतून मिळतं, तसे ओतून घेऊ म्हटलं तर मेस्त्रीने कानाला हात लावला. परीक्षा न झालेलं बीड त्याला ब्रेकला नको. सिलिंडर, होजपाइप, तेल, सगळं नवं. लायनर बिनॲस्बेस्टॉसचे. रंग अप्पांचाच, मोतिया. वातानुकूलन नाही, पॉवर स्टिअरिंग नाही. स्टिअरिंग ओढताना माझे खांदे दुखतात आणि मुलगी हसते. फिटनेसच्या कागदासाठी एका कचेरीत तीन वेळा परत पाठवलं, एकदा तर फोटोत गाडीची सावली पडली म्हणून.

कागद हातात आल्यावर मी खानापूर तालुक्यात त्या क्लीनरच्या गावी गेलो. त्याचं किराणा दुकान आहे, दोन मुलं मिळवती झालीत. मी ड्रमचं सांगायला तोंड उघडलं तर त्याने मापाडं खाली ठेवलं आणि म्हणाला, "मालक मला तेव्हाच बोलले होते. दवाखान्यात. पाय धरले त्यांनी माझे, ह्या पायाचेच." आणि मग, "टायर कुठले घातलास?" मी सांगितलं. गाडी बघायला बाहेर आला, काठीने टायर ठोकून पाहिला. घाटात येतोस काय, विचारलं. "नको," म्हणाला, "खरं बायकोला कवळ्याचा प्रसाद आण."

जानेवारीत आम्ही निघालो. मी, मधे मुलगी, दाराशी आई, छातीवरून बेल्ट आवळलेला, मांडीवर ओटीची पिशवी. अनमोडला मी थांबून दुसरा गिअर टाकला आणि घाट सुरू झाला. इंजिन मागे ओढत घुरघुरत होतं. मागून दोन ट्रकांनी हॉर्न वाजवून जीव घेतला, त्यांना जाऊ दिलं. त्या वळणावर आई काही बोलली नाही. तिची मान किंचित कलली होती. आधी वाटलं झोप आली, मग कळलं, ती आवाज ऐकत होती.

मोलेंला मी उतरून चारही चाकांजवळ हात नेऊन पाहिला. कोमट. आईने काच खाली केली आणि विचारलं, "चहा घेऊया काय?"