पहिला पीस

आमचे अब्बा भोसरी एमआयडीसीतल्या एका वर्कशॉपमध्ये क्वालिटीला होते. मशीनचं सेटिंग बदललं की पहिला पीस त्यांच्याकडे यायचा. व्हर्नियर लावून त्यांनी पास म्हटल्याशिवाय लॉट सुटायचा नाही. "पहला पीस देखे बगैर लॉट नक्को छोडो," हे ते घरी अम्मीच्या चपात्यांबद्दलही म्हणायचे.

मुक्त सॉफ्टवेअरमधली 'रिलीज कॅन्डिडेट' मला त्यामुळेच पटकन कळली. लिनक्स कर्नलचंच घ्या. नवी भर घालायला दोन आठवडे, मग दार बंद. त्यानंतर साधारण दर रविवारी एक आरसी, ती दुरुस्त्यांसाठी. अशा सात, कधी आठ झाल्या की पक्की आवृत्ती. डेबियनवाले तर तारखेपेक्षा तयारी बघतात. पण मराठी अक्षर नीट उमटतंय का, हे बघायला पगारी तपासनीस सहसा नसतो. तिथे पहिला पीस आपल्यासारख्याच्या हातात येतो.

असाच मी हौसेनं एका लेखनाच्या प्रोग्रामची आरसी घेतली होती. जुनी मराठी फाइल उघडून सेव्ह केली, तर 'दऱ्या'चं 'दर्या' झालेलं. जुन्या फायलींत या 'ऱ्या'साठी र आणि य यांच्यामध्ये हलन्तानंतर एक अदृश्य जोडचिन्ह असतं. सेव्ह करताना ते गळत होतं. डोंगरातल्या दऱ्यांचा समुद्र झाला म्हणून मी हसलो. कळवलं मात्र नाही. कळवेल कुणीतरी, म्हटलं.

कुणीच कळवलं नाही. पक्की आवृत्ती आली, मीही घेतली.

तुकोबांची पालखी देहूहून निघाली की पहिला मुक्काम आकुर्डीला असतो. आमच्या मोहल्ल्यातली पोरं वाटेवर पाणी आणि केळी वाटतात. फ्लेक्सचा मजकूर मागच्या वर्षीच्या फाइलवरून मीच काढून दिला होता. पालखीच्या दिवशी बघतो तर हातभर अक्षरांत 'वारकर्यांचे स्वागत'! केळं घेता घेता एकजण सहज म्हणाला, "यांना मराठी कुठून येणार!" पोरांनी ते ऐकलं आणि माझ्याकडे पाहिलं.

रात्री अब्बांना सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, "पीस तेरे हाथ में आया था ना?"

त्याच रात्री मी चूक नोंदवली. नमुन्याची फाइल जोडली, कुठे काय गळतं ते पायरीपायरीनं लिहिलं. पुढच्या दुरुस्ती आवृत्तीत जोडचिन्ह टिकलं. आता आरसी आली की मी आधी एक छोटी फाइल उघडून सेव्ह करतो. तिच्यात एकच शब्द आहे : वारकऱ्यांचे.