तटाच्या आतला रस्ता

पोर्तुगीज वळणाची गल्ली पाहायची म्हणून आपल्याकडची माणसं पणजीला फोंताईन्हासमध्ये जातात आणि रंगीत भिंतींपुढे फोटो काढून परत येतात. ती वस्ती मुळात 18व्या शतकाच्या अखेरीची. तिच्या अडीचशे वर्षं आधी पोर्तुगिजांनी वसवलेलं शहर, म्हणजे चौलजवळचं रेवदंडा, अलिबागपासून सतरा किलोमीटरवर आहे. काशीद-मुरूडला निघालेल्या गाड्या ते पाच मिनिटांत मागे टाकतात.

चौल नाका सोडल्यावर काही वेळाने डांबरी रस्ता काळ्या दगडाच्या तटाला छेद देऊन आत शिरतो. रेवदंड्यातून बाहेर पडतानाही तटच ओलांडावा लागतो, मग कुंडलिकेवरचा साळावचा पूल येतो. एसटीतला प्रवासी ध्यानीमनी नसताना एका किल्ल्यातून आरपार गेलेला असतो. जुन्या वास्तूंची डागडुजी हा माझा व्यवसाय. त्यामुळे 'रेवदंड्यात पाहायला काय आहे?' असं लोक मला हमखास विचारतात आणि उत्तरात एखाद्या इमारतीचं नाव ऐकायची त्यांची अपेक्षा असते. मी सांगतो, रस्ता.

चौल बंदर पोर्तुगिजांच्या कितीतरी आधीचं. रशियन व्यापारी अफानासी निकितिन 1469 मध्ये इथेच उतरला. 1508 मध्ये चौलच्या खाडीत इजिप्त आणि गुजरातच्या आरमारांशी झालेल्या लढाईत पोर्तुगीज व्हाइसरॉयचा मुलगा लोरेन्सो द आल्मेदा मारला गेला. पुढे निजामशहाच्या संमतीने 1521 ते 1524 या काळात पोर्तुगिजांनी खाडीच्या मुखाशी, आजच्या रेवदंड्यात, गढी बांधली. 1570-71 मध्ये मूर्तझा निजामशहाने महिनोन् महिने वेढा घातला, तरी शहर पडलं नाही. दोन दरवाजे, त्यांना जोडणारा रस्ता आणि रस्त्याच्या दोन्ही अंगांना फ्रान्सिस्कन, डोमिनिकन, जेझुइट, ऑगस्टिनियन पंथांचे मठ आणि चर्च अशी या शहराची ठेवण होती. मराठ्यांनी 1739 मध्ये वसई घेतली आणि वर्षभराने तहात चौलही त्यांच्याकडे आलं. पोर्तुगीज गेले. त्यांची भाषा मात्र खाडीपलीकडच्या कोर्लईत अजून घराघरात बोलली जाते, पण तो वेगळ्या लेखाचा विषय.

आज सगळ्यात आधी दिसतो तो सातखणी, सांता बार्बारा या फ्रान्सिस्कन मठाचा मनोरा. बार्बारा ही तोफचींची आणि विजेपासून राखणारी संत. समुद्रकाठच्या तटबंद शहराला शोभणारी निवड. नाव सातखणी असलं, तरी वरचे खण केव्हाच कोसळले. आतले लाकडी मजलेही गेले. मनोऱ्यात उभं राहून वर पाहिलं की थेट आभाळ दिसतं. अशा बांधणीत भिंतीचं पोट अनघड दगड आणि चुन्याचं असतं. कोपऱ्यांना आणि चौकटींना तेवढा घडीव दगड. माणसं न्यायला येतात ती हा घडीव दगडच. पडक्या शहरातला तासलेला दगड म्हणजे नव्या जोत्यासाठी आयता मिळालेला माल. म्हणून अवशेष वाचताना मी आधी कोपरे पाहतो. कोपरा शाबूत असेल, तर भिंतीला आयुष्य आहे. कोपरा उचकटला की पावसाचं पाणी पोटात शिरतं, चुना धुऊन जातो आणि पिंपळाचं मूळ उरलेलं काम करतं. त्यावर कुणी हौसेने सिमेंट थापलं, तर नुकसान दुप्पट. खाऱ्या हवेतला क्षार सिमेंटमागे कोंडतो आणि दगडाचे पापुद्रे सुटू लागतात. चुन्याची भिंत चुन्यानेच सांधावी, एवढं साधं सूत्र पाळलं तरी अर्धं काम होतं.

पण मला खरं कौतुक आहे ते मनोऱ्याभोवतीच्या वाड्यांचं. वसईच्या किल्ल्यात भव्य चर्च आहेत, मात्र वस्ती जवळजवळ नाही. रेवदंड्याचा तट आजही नांदत्या गावाभोवती आहे. डोमिनिकनांच्या चर्चचे अवशेष नारळी-पोफळीच्या बागेत आहेत. रस्त्याकडेला उंच जोत्यावर ओटी, मागे माजघर, वर माळा, परसात विहीर आणि तिच्या पाण्यावर पोसलेलं आगर, अशी अष्टागराची घरं पोर्तुगिजांच्या शहरात येऊन बसली. ज्यूंचं 19व्या शतकातलं बेथ एल सिनेगॉगही इथेच आहे. एका रस्त्याला इतक्या लोकांनी आपापल्या परीने दारं काढली, हे मला कुठल्याही एका मनोऱ्याहून मोठं वाटतं. इथलीच काही माणसं पुढे मुंबईला गेली. काळबादेवीच्या चेऊलवाडीचं नाव अजून त्यांची आठवण धरून आहे.

ही साधी घरंच आता झपाट्याने जात आहेत. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ या किनाऱ्यावर आदळलं. पोफळी आडव्या झाल्या, कौलं उडाली. पुढचा पाऊस दारात उभा असताना लोकांनी मिळेल तो पत्रा घातला आणि बऱ्याच घरांवर तो तसाच राहिला. त्यांना दोष देणं सोपं आहे. मंगलोरी कौलं, सागाचे वासे आणि हे काम जाणणारा सुतार यांचा खर्च एका कुटुंबाने सोसावा आणि गावाचं रूप मात्र आपण पाहुण्यांनी उपभोगावं, हा कुठला न्याय? संरक्षित स्मारकाच्या यादीत मनोरा येतो, चर्च येतं; ओटी येत नाही.

दुसरी धास्ती रुंदीकरणाची. रेवस-रेड्डी सागरी महामार्ग झाला, तर कोकणाची सोयच होईल, त्याला माझा विरोध नाही. पण वाढती वाहतूक तटाबाहेरून न्यावी. तटाच्या आतला रस्ता दोन्ही बाजूंनी तीन-तीन मीटर रुंद केला, तर ओट्या जातील, तटाची छेद दिलेली टोकं आणखी कापली जातील आणि मागे उरेल तो मोकळ्यावर एकटा उभा सातखणी. तसे एकटे मनोरे आपल्याकडे भरपूर आहेत.

माझी मागणी मोठी नाही. या रस्त्यावरच्या प्रत्येक जुन्या घराची मोजणी करून नकाशे काढावेत आणि कौलं टिकवणाऱ्या घरमालकाला दुरुस्तीसाठी अनुदान मिळावं. वास्तुकलेच्या एखाद्या महाविद्यालयाने मनावर घेतलं, तर पहिलं काम एका सुटीत होण्याजोगं आहे. तुम्ही काशीदला निघाला असाल, तर येताना किंवा जाताना तटापाशी गाडी लावा आणि दुसऱ्या तटापर्यंत चालत जा. अवशेष बहुतेक खाजगी वाड्यांत आहेत, तेव्हा आत शिरण्याआधी घरच्यांना हाक मारून विचारा.