एवढंच हिरवं काहून?

मुलांनो, तुमच्या गावाजवळ तलाव आहे? त्याच्या काठी बसून कधी डबा खाल्लाय? मग आज माझ्याबरोबर वणीला चला.

वणी म्हणजे यवतमाळ जिल्ह्याचा आग्नेय कोपरा. गावाला लागून निर्गुडा नदी वाहते आणि पुढे वर्धा नदी ओलांडली की चंद्रपूर जिल्हा. लोकनायक बापूजी अणे यांचं हे जन्मगाव. इथे वर कपाशीची काळी माती आणि खाली दगडी कोळसा! रस्त्याने कापसाच्या गाड्या आणि कोळशाचे ट्रक एकामागोमाग एक जात असतात.

संक्रांत झाली की आमच्याकडे रोडग्यांच्या पार्ट्या सुरू होतात. गोवऱ्यांच्या आरात भाजलेले रोडगे आणि वांग्याची झणझणीत भाजी. वा! यंदा आमच्या चौथीच्या वर्गाने पार्टीसाठी जवळच्या एका गावतलावाची जागा निवडली. तलावाला मातीचा लांबलचक बांध आहे. त्याला आम्ही पाळ म्हणतो. पाळीच्या पायथ्याशी एका ठिकाणी छान हिरवंगार गवत दिसलं. मीच म्हटलं, "चला रे, इथे सतरंज्या टाका!"

सतरंजी टाकली आणि थोड्याच वेळात ओली झाली. तेवढ्यात पाळीवरून एक म्हातारे बाबा खाली आले. ते पूर्वी तलावावर चौकीदार होते. हसून म्हणाले, "गुरुजी, आजूबाजूचं गवत पाहा. सारं पिवळं. मंग हे एवढंच हिरवं काहून?"

आहे की नाही गंमत? शिकवणारा मी, आणि परीक्षा माझीच!

उत्तर पाळीच्या पोटात होतं. मातीची पाळ म्हणजे नुसता ढिगारा नव्हे, बरं का! मधोमध चिकण काळी माती दाबून भरतात. तो तिचा गाभा. दोन्ही अंगांना मुरूम आणि पाण्याच्या बाजूला दगडांचं पिचिंग असतं. तरीही थोडं पाणी झिरपतंच. ते कुठून येतं, किती येतं आणि कसं दिसतं, हे पाहायचं असतं.

बाबांनी काचेच्या ग्लासात ते पाणी धरलं. "साफ हाये ना? मंग भेवाचं काम नाही. पन लक्ष ठेवा लागते. गढूळ आलं, तर समजा पाणी माती खाऊन राह्यलं."

गढूळ पाणी म्हणजे पाळीच्या आतली माती वाहून चालली आहे. आत बारीक नळी तयार होते, ती रुंद होत जाते आणि एक दिवस वरची माती धसते. झाडांची कुजलेली मुळं, उंदीर-घुशींची बिळं आणि उन्हाळ्यात काळ्या मातीला पडणाऱ्या भेगा, या सगळ्या पाण्याला वाट करून देतात.

दुसरा धोका वरून असतो. पाळीच्या एका टोकाला सांडवा असतो. तो पाळीच्या माथ्यापेक्षा खाली ठेवतात, म्हणजे जास्तीचं पाणी तिथून निघून जातं. पण मासे जाऊ नयेत म्हणून कुणी सांडव्याला जाळी लावली, तिच्यात काडीकचरा अडकला, तर? पाणी पाळीवरून वाहू लागतं आणि मातीची पाळ वाहत्या पाण्यापुढे टिकत नाही.

तुम्ही म्हणाल, गुरुजी उगाच घाबरवतात. नाही रे! रत्नागिरी जिल्ह्यात चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण मातीचंच होतं. २ जुलै २०१९ च्या रात्री ते फुटलं. खालची घरं वाहून गेली आणि वीसेक माणसं प्राणाला मुकली. धरण गळतंय, अशी तक्रार गावकऱ्यांनी आधीच केली होती. खेकड्यांनी पाळ पोखरली, असं तेव्हा जलसंधारण मंत्री म्हणाले आणि त्यावर मोठी टीका झाली. मला वाटतं, खेकडा तर बीळ करणारच. ते बीळ वेळेवर पाहणं आणि बुजवणं हे माणसाचं काम!

आता २०२१ पासून देशात धरण सुरक्षा कायदा आहे. पावसाळ्याआधी आणि नंतर धरणाची तपासणी करावीच लागते. पण हा कायदा १५ मीटरपेक्षा उंच धरणांना आणि १० ते १५ मीटरमधल्या काहींना लागू आहे. आपले गावतलाव त्याहून बुटके असतात. त्यांची काळजी ग्रामपंचायत, जिल्हा परिषद किंवा जलसंधारण विभागाने घ्यायची. पण कार्यालय तालुक्याला नाहीतर जिल्ह्याला, आणि तलाव आपल्या दारात. मग आधी कुणाला दिसेल? आपल्यालाच! नदीपलीकडे चंद्रपूर, भंडारा, गोंदियाकडे जुने 'मामा तलाव' आहेत. मामा म्हणजे माजी मालगुजारी. त्यातले कित्येक शेकडो वर्षांचे. मातीचेच, पण गावाने जपलेले.

त्या दिवशी रोडगे आम्ही दुसरीकडे, झाडाखाली खाल्ले. सोमवारी वर्गाने ग्रामपंचायतीला पत्र लिहिलं. त्यात ओली जागा, पाळीवरच्या सात बाभळी आणि दोन बिळं असं सगळं नकाशासह दाखवलं. महिन्याभराने अभियंता साहेब येऊन पाहून गेले. बिळं बुजवली. बाभळींचं काम अजून बाकी आहे. म्हणून दुसरं पत्रही गेलं आहे! बाबा दर रविवारी ग्लासभर पाणी धरतात आणि सोमवारी आमच्या वहीत नोंद होते. आजची नोंद आहे: 'साफ'.

तुम्हीही मोठ्या माणसांबरोबर एकदा आपला तलाव पाहून या. बिळात हात घालायचा नाही, सांडव्यात उतरायचं नाही आणि एकट्याने तर जायचंच नाही. ओलं, भेगाळलेलं किंवा गढूळ काही दिसलं, तर लगेच घरी, शाळेत आणि ग्रामपंचायतीत सांगा. भर पावसात पायथ्याशी गढूळ पाण्याची धार दिसली, तर आधी खालच्या वस्तीला सावध करायला सांगा.

आणि पायथ्याशी एकाच ठिकाणी हिरवं गवत दिसलं, तर सतरंजी टाकण्याआधी विचारा, "हे एवढंच हिरवं काहून?"