कळलावी

काही झाडांवर त्यांच्या नावांनीच अन्याय केलेला असतो. कळलावी ही त्यांपैकी एक. ही वेल दारात लावली की घरात भांडणे लागतात, असा लोकांचा समज आहे. निवृत्त होऊन मी सांगलीस राहावयास आलो, तेव्हा माझ्या अंगणातील कुंडी पाहून शेजारच्या आजी म्हणाल्याच, "गुरुजी, एवढे शिकलेले तुम्ही, आणि दारात कळलावी?"

"आजी, तुमच्या दारात तर तुळस आहे. मग काल सूनबाईंशी वाद कशाने झाला?" मी विचारले. आजी हसल्या, पण कुंडीपासून दोन हात दूरच उभ्या राहिल्या.

पूर्वीचे वैद्य अडलेल्या स्त्रीला कळा याव्यात म्हणून या वेलीच्या कंदाचा लेप लावीत. नाव त्यावरून पडले असावे. लोकांनी मात्र 'कळ' म्हणजे भांडण असाच अर्थ धरला! संस्कृतात तिला लांगली म्हणतात. लांगल म्हणजे नांगर, आणि कंदाचा आकार खरोखरच नांगरासारखा वाकडा असतो.

माझी नि तिची ओळख साताऱ्याची. तेथे नोकरीस असताना मी यवतेश्वराच्या घाटाने कासच्या पठाराकडे पायी जात असे. मृगाच्या सरी कोसळल्या की झुडपांच्या बुडाशी तिचे कोंब वर येत. फूल येण्यापूर्वीही ती ओळखता येते. इतर वेलींना आधारासाठी निराळे ताणे फुटतात. हिच्या पानाचे टोकच लांबते, वळते आणि शेजारच्या फांदीला घट्ट विळखा घालते.

श्रावणात फुले येतात. कळी मान खाली घालून असते. उमलताना मात्र तिच्या सहाही नागमोडी पाकळ्या उलट वर वळतात. प्रथम त्या हिरवट, मग खाली पिवळ्या व वर तांबड्या, आणि काही दिवसांनी लालभडक होतात. एकाच वेलीवर हे सारे रंग एकदम दिसतात. अग्निशिखा हे तिचे दुसरे नाव मला अधिक आवडते. तामिळनाडूचे हे राज्यपुष्प आहे आणि दूर आफ्रिकेतील झिंबाब्वेचे राष्ट्रीय फूल. भांडखोर म्हणून तिला तेथे कोणी हिणवीत नसावे.

भीती बाळगायची ती विषाची. कंद रताळ्यासारखा दिसतो, पण तो पोटात गेला तर माणूस दगावू शकतो. मुलांनो, रानात असा कंद सापडला तर चाखू नका. हात लागलाच तर स्वच्छ धुवा. त्यातील कोल्चिसिन हे द्रव्य वैद्यकात मोजून-मापून गाऊट या सांध्यांच्या दुखण्यावर देतात. त्यासाठी तामिळनाडूत शेतकरी बियांकरिता हिची लागवड करतात.

सांगलीची काळी माती पाणी धरून ठेवते व कंद कुजतो. म्हणून मी कुंडीत वाळू आणि पालापाचोळ्याचे खत मिसळतो. कंदाच्या दोन्ही भुजांच्या टोकांना एकेक डोळा असतो. तो मोडला की त्या भुजेला कोंब फुटत नाही. म्हणून हे काम मी कोणावर सोपवीत नाही.

दिवाळीनंतर शेंगा तडकून आतील तांबडे बी दिसू लागते आणि वेल वाळते. जुना कंद संपलेला असतो. त्याच्या जागी नवा तयार होऊन झोपी गेलेला असतो. वैशाखात कुंडी अगदी रिकामी दिसते. सुटीत आलेली नात दया येऊन तिच्यात तांब्याभर पाणी ओतू पाहते. मी तिला म्हणतो, "थांब, अजून मृग लागायचा आहे."